सूर्य पाठीशी

आकुर्डीच्या फोटोग्राफीच्या वर्गात आज एका मुलीने विचारलं, "सर, उन्हात चेहरे स्वच्छ कसे येतात?"

"सूर्य पाठीशी ठेवायचा," मी म्हणालो.

वीस वर्षांपूर्वी चाकणला एका कंपनीच्या गेटवर भाड्याचे गुंड संपावरच्या कामगारांना लोखंडी पाइपांनी झोडपत होते. मी सूर्य पाठीशी घेऊन धडाधड फोटो काढले. डोकं फुटलेला एक कामगार रक्ताळल्या हाताने तोंड झाकत ओरडला, "भाऊ, नका काढू, चेहरा दिसंल!"

"अरे, पुरावा आहे हा! हात काढ!" मी खेकसलो.

त्याने हात काढला.

फोटो पेपरात आला. पापणीचा केस न् केस दिसतोय म्हणून मी मिरवत होतो. त्याच फोटोवरून गुंडांनी त्याचं घर शोधलं आणि त्याचे दोन्ही हात मोडले.