समन्वयक सरांची सोयरीक

ज्याच्याकडून सही घेता येणार नाही असा माणूस आमच्या समन्वयक सरांना नाशिकमध्ये कधी भेटलाच नाही. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवते, आणि सर 'उद्योग-संस्था समन्वय कक्ष' अशी पाटी लावलेल्या, पूर्वी खडू-डस्टर ठेवायच्या खोलीत बसत. कॉलेज आणि कारखाने यांची गाठ घालून द्यायची, म्हणजे त्यातून काही नवीन घडेल, एवढंच त्यांचं काम. पण ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानात जिलेबी पडायच्या आत सर त्याला विचारत, "आपलं प्रॉडक्शन कशाचं?" तो बँकेत आहे असं कळलं की सरांचा चेहरा असा पडे की त्या बिचाऱ्याला आपला जन्म फुकट गेल्यासारखं वाटे. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना, त्यांनी ती खुर्ची बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता नुसत्या खुणांनी मिळवला होता.

तरुणपणी सरांनी नात्यातली पुष्कळ लग्नं जमवली होती, आणि या दोन कामांत त्यांना काही फरक दिसत नसे. "मॅडम, आपली मुलगी शिकलेली, त्यांचा मुलगा कमावता. अडतंय कुठे?" असं ते मला विचारत. मुलगी म्हणजे कॉलेज. सातपूरच्या कारखान्यातला कुणी मॅनेजर बघायला येणार असला की कॅन्टीनला कांदेपोह्यांची ऑर्डर जाई, मुलांना इस्त्रीचे शर्ट घालून आपापल्या प्रोजेक्टशेजारी उभं राहायची ताकीद मिळे आणि बंद पडलेली यंत्रं उंच मुलांच्या पाठीमागे सरकत. शेवटी शाल, श्रीफळ, करारावर सह्या आणि फोटो. कक्षाच्या भिंती फोटोंनी भरून गेल्या होत्या. अडचण एवढीच, की हे सगळे साखरपुडेच होते. लग्न एकाचंही लागलं नव्हतं. दिवाळीला सर त्या प्रत्येक मॅनेजरला फोन करत आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढं ऐकून खुशीत म्हणत, "बिझी आहेत, म्हणजे कंपनी चांगली चाललीय."

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की या करारांतून यंदा एक तरी वस्तू तयार झालेली दिसली नाही, तर कक्ष बंद आणि खोली परीक्षा विभागाला. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही. मला म्हणाले, "खोलीचं काही नाही हो. पण इतकी वर्षं तुम्ही केलं काय, असं कुणी विचारलं तर काय सांगू?" मी त्यांची थट्टा करण्यात कधी कसूर करत नसे, पण त्या वेळी मी नुसता त्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

त्याच वर्षी दोन मुलींनी एक पेटी बनवली. त्यातल्या एकीच्या वडिलांची देवळ्याला कांदे साठवायची चाळ आहे. चाळीत आतला एक कांदा सडला की शेजारच्यांना नासवतो, आणि बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ही पेटी आतला वास हुंगून वेळेवर भोंगा वाजवायची. अंबडला इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारे एक कारखानदार होते, सरांनी फोन करकरून जेरीस आणलेले. ते म्हणाले, चालताना दाखवा, पसंत पडली तर आम्ही बनवू. सरांनी लगेच मुहूर्त काढला. टेबलावर पेटी, पेटीला हार आणि पाहुण्यांसमोर तिची यथासांग पूजा. मुली "सर, उदबत्ती नको" म्हणत होत्या. पण हल्लीच्या मुलींना देवधर्म नको असतो अशी सरांची समजूत झाली, आणि त्यांनी जोडीला धूपही लावला.

मग पेटी जी बोंबलायला लागली, ती थांबेचना. तिचं बटण हाराखाली कुठे गेलं होतं ते कुणाला सापडेना. प्राचार्य कानांवर हात ठेवून सरांकडे बघत होते. सरांनी पेटी छातीशी धरली आणि हारासकट मैदानात धूम ठोकली. रडणाऱ्या लेकराला थोपटावं तसे ते तिला थोपटत वाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिले. हळूहळू ती गप्प झाली. मागोमाग आलेल्या कारखानदारांना सर म्हणाले, "चूक माझी आहे, पोरींची नाही. त्यांना नाही म्हणू नका."

कारखानदारांची हसून हसून पुरेवाट झाली होती. "अहो सर, वास आला तेव्हा वाजली, वास गेला तेव्हा थांबली. अजून काय दाखवणार मला? धूप आणि कांदा यांतला फरक शिकवू तिला आमच्याकडे. पोरींना सोमवारपासून पाठवा." आनंदाच्या भरात सर त्यांची सही घ्यायचीच विसरले.

पेटी आता अंबडला तयार होते, मुलीही तिथेच नोकरीला लागल्या. कक्ष चालू राहिला. तिथे नवे समन्वयक बसतात. सर मात्र घरी असतात आणि फारसे कुणाला आठवत नाहीत. मध्यंतरी ते मला देवळ्याला घेऊन गेले. मुलीच्या वडिलांनी आम्हाला चाळीसमोर खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि तेवढ्यात आत भोंगा वाजला. सर ताडकन उठले. त्या गडबडीत त्यांचा चहा सांडला.

"तुम्ही बसा हो सर," मुलीचे वडील जागचे न हलता म्हणाले. "हे तर आमचं रोजचंच. गडी काढतील कांदा."

सर जरा वेळ तसेच उभे राहिले, मग बसले. आत भोंगा थांबला. "बघितलंत मॅडम," ते हळूच म्हणाले, "माझी गरजच नाही पडली." त्यांना फार आनंद झाला होता, आणि वाईटही वाटलं होतं. मलाही. मी माझ्यातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.