पंखा फिरत होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. दोन-तीनदा अगदी ओठावर आलं होतं, पण प्रत्येक वेळी चहा आला, कुणाचा तरी फोन आला, आणि मला बरंच वाटलं. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या आईला तर नाहीच. म्हणून सोपं जातंय का हे? असेल. धीट माणूस घरच्यांपाशी कबुली देतो, परक्यांपाशी नाही, एवढं मलाही कळतं.

आधी माझं काम सांगते. पवईतल्या एका ऑफिसात मी लोकांचे कॉम्प्युटर सांभाळते. काही बिघडलं की माणसं मला फोन करतात, आणि निम्म्या फोनांचा सूर एकच असतो — मॅडम, मी काही केलं नाही हां. सकाळी मशीन चालू करावं आणि नेहमीचं चित्र यायच्या जागी काळ्या पडद्यावर डिस्क तपासत असल्याची ओळ यावी, टक्के मुंगीच्या पावलांनी सरकावेत, तेव्हा तर हमखास. भलेभले साहेब टरकतात. मी म्हणते, मध्येच बंद करू नका, त्याचं त्याला करू द्या.

आणि मग मी समजावून सांगते. कॉम्प्युटर डिस्कवर काही लिहायला घेतो ना, तेव्हा आधी तिथंच एक बारीकशी खूण करून ठेवतो, की काम उघडं आहे. सगळं जागच्या जागी ठेवून नीट बंद झाला की ती खूण पुसतो. मध्येच वीज गेली, कुणी बटण दाबलं, की खूण तशीच राहते. पुढच्या वेळी उठल्या उठल्या तो आधी खूण बघतो. दिसली, तर कुणाला विचारत नाही, कुणावर ढकलत नाही — स्वतःला या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायला बसतो. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. पत्र्याच्या डब्याला एवढी चाड कुणी शिकवली?

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दहिसरच्या घरात. नदीच्या बाजूला दोन खोल्या होत्या आमच्या. आईबाबा दोघंही मालवणकडचे. गिरणी गेल्यावर बाबा एका वकिलांच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले होते आणि तिथला जुना कॉम्प्युटर त्यांनी माझ्या कॉलेजसाठी घरी आणला होता. बाहेरच्या खोलीत, शोकेसला चिकटून त्याचं टेबल. आईनं लगेच त्याला क्रोशाचं झाकण विणलं. रोज पुसायची, पण बोट लावायची नाही. मग एक दिवस भीत भीत म्हणाली, "ह्येच्यात चित्रां काढूक येतत काय गो?"

मी हसले. पण दाखवलं. रेघ कशी ओढायची, रंग कसा भरायचा, काढलेलं कसं जपून ठेवायचं. चार दिवसांत कंटाळेल म्हटलं.

कंटाळली नाही. ती रांगोळ्या काढायला लागली, ठिपक्यांच्या. माउस धरून एकेक ठिपका ठेवायचा, ओळ वाकडी झाली की सगळं पुसून पुन्हा. दुपारची भांडी झाली की पदराला हात पुसत खुर्चीत बसायची आणि जीभ दातांत धरून काढत राहायची, शाळेतल्या पोरीसारखी. शंख, कासव, मोर. गावाला तिच्या आईकडच्या खळ्यातली, शेणानं सारवलेल्या जमिनीवरची एक रांगोळी होती, ती तिनं कितीतरी दिवस आठवून आठवून काढली. मला कौतुक होतं का? सुरुवातीला होतं, खरंच होतं. तिनं हट्ट केला म्हणून मी तिचा मोर पडद्यावर मागे लावूनसुद्धा दिला होता.

मग कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या. एकीनं मोर पाहिला आणि म्हणाली, "ए, हे काय यार, तुळशीचं लग्न आहे का तुझ्याकडे?" सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. आई पोहे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मला ती खुर्चीत बसलेली दिसली की डोक्यात तिडीक जायची. कॉम्प्युटर माझ्यासाठी आणलाय, माझा आहे, ही बाई त्याच्यावर रांगोळ्या काय काढत बसते — हे शब्द मी मनात वापरायचे. माझ्या आईसाठी, ही बाई. लाज वाटते सांगायला. वाटू दे.

त्या दुपारी मैत्रिणी पुन्हा यायच्या होत्या. आईचं वेगळंच काम चाललं होतं. दिवाळी जवळ आली होती आणि शेजारच्या बायकांना रांगोळ्या दाखवायच्या म्हणून इथं तिथं ठेवलेल्या सगळ्या ती एका फोल्डरमध्ये गोळा करत होती. एका बोटानं त्याला नावही दिलं होतं. मी म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, "पाच मिनिटां गो, सगळी एका जागी ठेवतंय नि उठतंय." मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा तेच म्हणाली, मान न वळवता, इतकी रमली होती. टीव्ही चालू होता. बटणांचा बोर्ड माझ्या हाताशी होता.

मी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. आणि लगेच परत चालू केलं.

पडदा काळा झाला. आईनं आधी पडद्याकडे पाहिलं. मग मान वर करून पंख्याकडे. आमच्याकडे लाईट गेली की नाही हे असंच बघतात, पंख्याकडे बघून. पंखा फिरत होता. टीव्हीवरचं कोणीतरी बोलतच होतं. म्हणजे लाईट गेली नव्हती. मग आईनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, माउसवरच्या.

ते बघणं मी पाहिलं आहे. अजून काय सांगू?

ती म्हणाली, "माझ्या हातसून काय झाला काय गो?" मी म्हटलं, बघू, चालू करून बघ. तिनं एका बोटानं चालू केलं, आणि त्या काळच्या निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ती तपासणी सुरू झाली. मीही तोवर कधी पाहिली नव्हती. इंग्रजी ओळी वर वर सरकत होत्या, आतून कुरकुर आवाज येत होता. मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, याला कळलंय. याला आत कुठंतरी कळलंय की मघाशी काय झालं, आणि आता हा ते लिहून दाखवणार. आईनं पडद्याला हात जोडले.

त्यानं काही दाखवलं नाही. नेहमीचं चित्र आलं, मोरासकट. पण ते फोल्डर नव्हतं, आणि त्यात ठेवलेलं काहीच नव्हतं. मी शोधल्याचं नाटक केलं. आई म्हणाली, "जावंदे. माकाच जमूक नाय." उठली, क्रोशाचं झाकण नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि आत गेली. त्या खुर्चीत ती पुन्हा बसली नाही.

बाबा पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगायचे, हिनं कॉम्प्युटर झोपवला होता. सगळे हसायचे, आईपण हसायची. मी पण. मात्र ती नुसती कॉम्प्युटरला घाबरली नाही. मिक्सर बदलला तर जुनाच बरा म्हणाली. लिफ्टमध्ये कुणी सोबत असेल तरच चढायची, बटण त्यानं दाबायचं. एटीएमच्या दारातून परत फिरायची. फोन तिच्याकडे अजून साधा आहे, त्यातलंही हिरवं बटण तेवढं ती दाबते. चांगला फोन घेऊ म्हटलं की तिचं एकच — नको गो, बिघडात माझ्या हातसून. माणसाची हिंमत काढून घ्यायला किती वेळ लागतो? बटण खाली, बटण वर.

इथवरचं सगळं रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही.

पुढं मी या विषयाचा कोर्स केला. तिथं कळलं की ती तपासणी नुसतं बघत नाही. ज्या तुकड्यांचा ठावठिकाणा मोडलाय, जे कुणाचे आहेत ते तिला सांगता येत नाही, ते ती फेकून देत नाही. त्यांना क्रमांक देते आणि एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. त्या फोल्डरचं नावही सापडलेलं अशाच अर्थाचं आहे. मी त्या दिवशी घरी आले, चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती. लपलेलं फोल्डर उघडलं. बिननावाच्या फायली होत्या, नुसते क्रमांक. पहिल्या फायलीच्या नावामागची तीन अक्षरं बदलली आणि उघडली.

शंख आला. पुढच्या फायलीत कासव. मग ती खळ्यातली रांगोळी, अख्खी, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं की आईनं पाव भागच काढला होता, मग तो उचलून, उलटवून, फिरवून चारी बाजूंना जोडला होता. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मलाच येत नव्हतं. मी तोंडावर हात ठेवून बघत बसले. माझ्या आईला हे सगळं येत होतं, आणि या डब्यानं ते टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं.

आई आत भाकऱ्या थापत होती. हाक मारायची होती फक्त. कबुली द्यायचीही गरज नव्हती हो, नुसतं म्हणायचं होतं, आई, तुझ्या रांगोळ्या सापडल्या. तिनं कसं, का, काही विचारलं नसतं. मग मी का नाही मारली हाक? कारण ती पुन्हा त्या खुर्चीत येऊन बसली असती. एवढंच. मला कॉम्प्युटर हवा होता. मी तो बंद केला, नीट, नियमाप्रमाणे. नंतर ते मशीन भंगारात दिलं तेव्हा डिस्क काढून ठेवली, आणि मग इतकी वर्षं झाली होती की आता कुठल्या तोंडानं.

आता आम्ही बोरिवलीला असतो, आई आणि मी. बाबा गेले. मागच्या रविवारी सकाळी मी माझा कॉम्प्युटर चालू केला. आदल्या दिवशी तो अडकला होता, म्हणून मी बटण दाबून धरून बंद केला होता. काळ्या पडद्यावर तपासणी सुरू झाली. आई माझ्या मागे कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले, मला आवाजावरून कळलं.

"मी हात लावूक नाय हां," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू नाहीच लावलास, आई. हे असं होतं कधीकधी. आपोआप."

ती सरकणारे टक्के बघत म्हणाली, "त्या टायमाक झाल्ला, ता पण असाच?"

"हो."

"म्हंजे माझ्या हातसून नाय झाल्ला?"

"नाही. तुझ्या हातून नाही."

तिनं कोथिंबीर बाजूला ठेवली. म्हणाली, "आणि मी इतकी वर्सां..." डोळे पुसले आणि हसली, आणि थोड्या वेळानं लाजत विचारलं, ती चित्रं काढायची जागा अजून असते का. मी उघडून दिली. माझ्या खुर्चीत बसवलं. तिनं ठिपका ठेवला. मग त्याच्या शेजारी दुसरा. कधी विसरलीच नव्हती जणू, मी मागं उभी राहून बघत होते.

"ती पयली सगळी गेली," ती ठिपके ठेवता ठेवता म्हणाली. "गेली ती गेली. नवी काढीन."

मी म्हटलं, "काढ."

ती ज्या टेबलापाशी बसली होती, त्याच्याच खणात ती डिस्क आहे. तिचा गुडघा त्या खणाला टेकला होता.