वहीसर आणि पानांची अदलाबदल

आमच्या कॉलेजात बीजगणित शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे वहीसर म्हणत. स्वतः विद्यार्थी असताना उतरवून घेतलेली एक वही त्यांनी तीस वर्षं फळ्यावर ओतली. तीत भर पडली ती फक्त चहाच्या डागांची. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारीच बसायचो. इतका आळशी माणूस इतक्या रुबाबात वावरताना मी दुसरा पाहिला नाही.

एका वर्षी वर्गात चाळिशीतल्या एक बाई आल्या. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सकाळची पाळी करून त्या थेट वर्गात यायच्या, बोटांवरची खळ तशीच वाळलेली. त्या दिवशी सर सांगत होते, की वस्तूंची कुठलीही मांडणी दोन-दोनांची अदलाबदल करत लावता येते. अदलाबदली सम झाल्या तर मांडणी सम, नाहीतर विषम. सगळ्या सम मांडण्यांचा एक गठ्ठा, विषमांचा दुसरा; हे दोन गठ्ठेच दोन वस्तू मानल्या, की त्यांचा झाला कोशंट ग्रुप.

"सर, एकच मांडणी मी चार अदलाबदलींत लावली आणि या शेजारच्या मुलीने पाचांत, तर ती कुठल्या गठ्ठ्यात?" बाईंनी विचारलं.

"तसं होत नाही."

"का होत नाही?"

सरांनी वही पुढेमागे चाळली. वहीत काही सापडेना.

"बाई, तुम्ही आपली पानं चिकटवा. हे का-बिका विचारायचं तुमचं वय गेलं."

वर्ग हसला. नंतर किस्सा ऐकून मीही हसलो, लाज वाटते सांगायला.

विद्यापीठाकडून आलेल्या पेपरात नेमका तोच प्रश्न होता; तपासायचा मात्र सरांनीच. बाईंनी लिहिलं: मोठ्या आकड्याचं पान लहान आकड्याच्या आधी आलंय, अशा जोड्या मोजा. शेजारची दोन पानं बदलली की ही संख्या बरोब्बर एकाने वाढते किंवा घटते. लांबची दोन बदलायला शेजारच्या अदलाबदली नेहमी विषमच लागतात. म्हणून प्रत्येक अदलाबदलीला सम-विषम पालटतं, आणि एक मांडणी दोन्ही गठ्ठ्यांत जाऊच शकत नाही.

सरांनी शून्य दिलं. वहीत नव्हतं ना!

बाईंनी फेरतपासणी मागितली. बाहेरच्या परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण देऊन शेरा मारला, "संबंधित शिक्षकांनी हे वाचावं." प्राचार्यांनी बोलावल्यावर सर बेधडक म्हणाले, "मीच तर शिकवलं त्यांना!"

बाई पुढे एम.एस्सी. झाल्या, आता दुसऱ्या कॉलेजात शिकवतात. निवृत्तीच्या निरोपसमारंभात सरांनी भाषण ठोकलं, "अशी एक विद्यार्थिनी माझ्या हाताखाली घडली." मी उठून बाहेर आलो. आत टाळ्या वाजत होत्या.