साहेबांनी जिन्याखाली ठेवलेलं कुत्रं

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बँकेच्या साहेबांची कंधारहून नांदेडला बदली झाली, तेव्हा त्यांनी फ्रिज नेला, कूलर नेला, तुळशीची कुंडीसुद्धा नेली. सहा वर्षांचं कुत्रं तेवढं जिन्याखाली बांधून ठेवलं. "चार दिवस बघा मॅडम, घर लागलं की येऊन नेतो," म्हणाले. चार दिवसांचे दोन महिने झाले. मला कुत्री आवडत नाहीत. पण जिना माझ्या खोलीला लागून, आणि ते उपाशी केकाटायचं, म्हणून भाकरी घालत गेले.

मग घरमालकीणबाई दारात आल्या. "बाई, ह्याच्या सुईचा कागद दाखवा, न्हाईतर टेम्पोत घालून बिलोलीकडं सोडायला लावते. लेकरं हायत घरात." त्या बोलल्या की करतात. मागे एका मांजरीच्या बाबतीत मी ते पाहिलं होतं.

साहेबांना फोन लावला. "कार्ड सामानात कुठंतरी गेलंय बघा. तुम्हीच देऊन टाका ना सुया. असे किती पैसे लागतेत!" नांदेडात बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! मी कंत्राटी शिक्षिका, मानधन तीन महिने तुंबलेलं. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कार्ड नाही म्हणजे काहीच झालेलं नाही असं धरायचं. रेबीजची एक सुई, बाकीच्या रोगांची एक, आणि ती तीन आठवड्यांनी पुन्हा. टोचून देतो, पण लस इथं शिल्लक नाही, नांदेडहून बर्फात घालून आणा.

नव्या चष्म्यासाठी ठेवलेले पैसे घेऊन मी नांदेडला गेले. येताना बर्फाचा थर्मास मांडीवर धरून एसटीत बसले, तर शेजारचा गृहस्थ पाणी मागायला लागला. मी म्हणाले, "औषध आहे, कुत्र्याचं." तो पार खिडकीला चिकटला. डॉक्टरांनी सुया टोचल्या, कागद मिळाला, मालकीणबाई गप्प झाल्या. राहिलेल्या सुईसाठी मी गणिताची शिकवणी धरली.

ती सुई झाली त्याच आठवड्यात साहेब गाडी घेऊन हजर. मालकीणबाईंकडून त्यांना सगळं कळलं होतं, आणि नव्या सोसायटीत लस टोचलेलं कुत्रं चालत होतं म्हणे. "कागद द्या मॅडम, ह्याला नेतो." आयत्या बिळावर नागोबा! मी तोंडावर सांगितलं, "इतक्या दिवसांत एक फोन केला नाही तुम्ही. कुत्रं मिळणार नाही." त्यांनी पाकीट काढलं. मी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांचा आवाज ऐकून कुत्रं वेडं झालं. साखळी ताणून नाचत होतं, आनंदानं फरशी ओली करून ठेवली. माझ्यासाठी ते कधी असं नाचलं नव्हतं. साहेब हसले. "बघा, कुणाचं हाय ते."

मी साखळी मनगटाला गुंडाळली, त्याला फरफटत खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कुत्रं दाराच्या फटीला नाक लावून कण्हत बसलं. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. "ज्यानं टाकलं त्याच्यासाठी उपाशी मरतंस होय रे?" म्हणून मी त्याच्यावर ओरडले, अगदी घसा बसेपर्यंत. पण दार उघडलं नाही. ते त्यांच्याकडे सुखात राहिलं असतं का, हा विचार मी मनाला शिवू दिला नाही. मला त्या माणसाला जिंकू द्यायचं नव्हतं, एवढंच.