आबांची काळी चार

आमच्या वडगाव रासाईच्या भजनात पेटी वाजवणारे मामा गाणाऱ्याच्या गळ्याकडं बघून सूर धरायचे. भजनात गाणाऱ्या आबांचा आवाज पेटीच्या काळी चार पट्टीचा, चांगला उंच. पण वय झालं तसा तो वर चढेना. मग मामा सा एकेक पट्टी खाली घेत गेले. चाल मात्र तीच. आबांना बोटं दिसू नयेत म्हणून ते पेटीवर उपरणं सोडायचे.

मला ही लबाडीच वाटायची. तसं म्हणालो, तर मामा म्हणाले, "चाल मोडली का? न्हाई ना? मग झालं."

आबा मात्र गावभर सांगायचे, "आजून काळी चारलाच गातो मी!"

एका गुरुवारी मामा लेकीकडं दौंडला गेले. बदली पेटीवाल्यानं पट्टी विचारली.

"काळी चार," आबा रुबाबात म्हणाले.

दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. कर्ण्यावरून साऱ्या गावानं ऐकला.

तेव्हापासून आबा नुसते टाळ धरून बसायचे. त्यांची पाळी आली की मामा पेटीवरचं उपरणं काढून बाजूला ठेवायचे, खालचा सा धरायचे आणि थांबायचे. आबा मान वर करायचे नाहीत.