कावळ्याने निवडलेलं टूल

दिगू गेला आणि त्याच आठवड्यात आमचं सॉफ्टवेअर तयार व्हायचं बंद झालं.

आज त्याचं वर्षश्राद्ध. तोंडवलीला त्याच्या घरी जेवून आलो. लिहायचा कंटाळा आलाय, तरी लिहितो.

प्रोग्रामचे तुकडे गोळा करायचे, क्रमाने जोडायचे, तपासायचे आणि गिऱ्हाइकाला द्यायची फाइल काढायची. याला बिल्ड म्हणतात.

जगभर हे काम टूल करतं.

कणकवलीतल्या आमच्या ऑफिसात दिगू करायचा. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, सगळं डोक्यात.

टूल नको होतं असं नाही. कुठलं घ्यायचं यावर आम्ही दोघं वर्षानुवर्षं भांडत होतो. मी मेकवाला, तो मेव्हनवाला.

मी म्हणायचो, "तुझं मेव्हन म्हणजे तहसील कचेरी. साधं काम सांगायला पानभर एक्सएमएल."

"आणि तुझो मेक? टॅबच्या जाग्यार स्पेस पडली की रुसता मेलो, जावयासारखो."

मीटिंग संपायची. बिल्ड दिगूच करायचा.

एकदा वैतागून म्हणाला, "मेल्या, उद्या मी नाय रवलंय तर कोण करतलो ह्यो बिल्ड?"

"तू खंय जातलंस?" मी म्हणालो.

गेला. सकाळी ऑफिसला निघताना, बूट घालता घालता.

आंब्याचा मोसम तोंडावर, आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बागायतदार सोसायट्यांचे फोनवर फोन, आणि आमच्यात एकालाही फाइल काढता येईना. ऑफिसला कुलूप लावायची पाळी.

दहाव्याला तोंडवलीच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडावर. खाली एकही येईना.

त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "पोरीचा शिक्षण मी बघतंय."

नाही.

"आवशीक माझ्याकडे ठेवतंय."

नाही.

वाळू तापली. भाऊ माझ्याकडे वळला. "हापिसातला कायतरी रवला हा तेचा. तुमी बोला."

याच फेसबुक वॉलवर पिंडाच्या कावळ्यांची यथेच्छ टिंगल केलेला मी.

हात जोडले. म्हणालो, "दिगू, मेव्हन घेतो."

कावळा आला.

भावाने डोळे पुसत विचारलं, "मेव्हन म्हणजे गाडी काय हो?"

कावळ्याला भूक लागली असणार. कळतं मला. पण शब्द गेला होता, तोही चारचौघांत.

तेव्हापासून एकेक तुकडा हुडकत एक्सएमएल लिहितोय. चष्मा बदलला. एक सोसायटी सोडून गेली, बाकीच्या कशाबशा थांबल्या. बिल्ड फेल गेला की दिगूला शिव्या घालायच्या, आणि मग सवयीने त्याच्याच खुर्चीकडे वळायचं, हा तुकडा आधी की नंतर विचारायला.

गेल्या आठवड्यात जामसंड्याची एक मुलगी नोकरीला लागली. दिगूला तिने पाहिलेलंही नाही. तिला एक ओळ टाइप करायला सांगितली. स्क्रीन धावत राहिली. आम्ही दोघं बघत बसलो.

बिल्ड सक्सेस.

"झालं सर. एवढंच?"

"एवढंच," म्हणालो आणि चहाला म्हणून खाली उतरलो. चहा काही घेतला नाही.

दिगू, भावपूर्ण वगैरे लिहिलं तर हसशील. म्हणून फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

कोणीय करता रे आता.

तू रव निवांत.