वर्षभर न उघडलेल्या फाइली

सरकारी कचेरीत एखादी गोष्ट ठेवायला कुणाची सही लागत नाही, टाकायला मात्र पाच लागतात. माझ्या नवऱ्याची, श्यामकांतांची, एकोणीस वर्षं या पाच सह्यांमागे गेली. दिल्लीतल्या एका केंद्रीय खात्यात अख्खी खोली व्यापणारा मेनफ्रेम संगणक होता, आणि त्यावरच्या जुन्या फाइली साफ करणं हे यांचं काम. जागा भरली की खातं ठप्प. मग हे याद्या घेऊन विभागाविभागात फिरणार आणि सगळीकडे एकच उत्तर ऐकणार, "रहने दीजिए, कभी काम आएगी." कधी आली नाही.

इकडे पुण्यात माझे वडील एकटे. काचबिंदूने दृष्टी गेलेली, शेजारच्या लताबाई डबा देतात त्यावर चाललेलं. पुण्याला बदली मागून वर्ष उलटून गेलं होतं. विचारलं की 'अर्ज विचाराधीन आहे'. चौऱ्याण्णव साल होतं, यांच्याबरोबरचे लोक नोएडाच्या नव्या कंपन्यांत जाऊन दारात मारुती उभी करत होते. यांनाही बोलावणं आलं. नको म्हणाले, पुणं सरकारी नोकरीतच मिळेल. मी कपाळाला हात लावला.

शेवटी डायरेक्टरसाहेबांनी शब्द दिला की सफाई आपोआप व्हायला लागली, की तुम्हाला सोडतो. श्यामकांतांनी चार महिने खपून प्रोग्रॅम लिहिला. वर्षभर कुणी उघडली नाही, ती फाइल शुक्रवारी यादीत छापली जाणार आणि रविवारी पुसली जाणार. विचारणं नाही, सह्या नाहीत.

पहिल्या दोन विभागांत सुरू केला, तर यादी कोरी. चौकशी केल्यावर कळलं की कारकून रोज सकाळी ओळीने फाइली उघडतात आणि बंद करतात, म्हणजे तारीख नवी होते आणि फाइल आणखी वर्षभर जगते. त्या दिवशी लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरवर येऊन यांनी चहालाही हात लावला नाही.

"वाचत नाहीत गं, सरला," म्हणाले. "नुसत्या उघडतात."

हरले नाहीत मात्र. साहेबांकडून नवा आदेश काढून घेतला, की फाइल वाचवायला जो उघडेल, त्याचं नाव यादीत छापलं जाईल आणि त्याने कारण लिहून द्यायचं; आधीचं नुसतं उघडणंही धरायचं नाही. झालं, एका दिवसात सगळे हात मागे. लिहून द्यायचं म्हटलं की आमच्या दिल्लीत भले भले गार पडतात. याद्या लांबलचक निघू लागल्या, एकेक विभाग साफ होत गेला. मी सामान बांधायला खोकी आणून ठेवली.

सगळ्यात शेवटी आस्थापना विभाग. त्या शुक्रवारच्या यादीत एक फाइल होती, बदलीच्या अर्जांची. शेवटची उघडल्याची तारीख बावीस महिन्यांपूर्वीची, म्हणजे ज्या दिवशी यांचा अर्ज त्यात चढवला गेला ती. त्यानंतर कुणीही, एकदाही नाही. विचाराधीन म्हणे!

मी इतकी संतापले की म्हटलं, अहो, जाऊन टेबलावर हात आपटा. हे गेले, पण आपटला नसणार. साहेब शांतपणे म्हणाले, "रूल तो आपका ही है, श्यामकांतजी." सोडायला अर्ज तर लागेलच, फाइल पुसली गेली तर नवा अर्ज करा, म्हणाले. नवा अर्ज म्हणजे पुन्हा रांगेचं शेपूट. तोवर माझे वडील काय करणार?

शनिवारी हे सुट्टी असून कचेरीत गेले. मीही बरोबर गेले, कारण हा माणूस नियमापायी स्वतःच्या हाताने आपला अर्ज पुसू देईल अशी मला धास्ती होती. त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर स्वतःचं नाव क्षणभर पाहिलं आणि फाइल बंद केली. मग यादीचा कागद पुढे ओढला. उघडणाऱ्याच्या नावापुढे सही केली. कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं, आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी लिहिलं, 'कभी काम आएगी.'